फ्रोडो हरतो, हे मुलांपासून लपवू नका

गेल्या वर्षी आगमन काळ सुरू होण्याच्या सुमारास आमच्या धर्मग्रामाच्या वाचनालयातून एक ग्रंथ नाहीसा झाला. तो चोरीला गेला नाही की त्याला वाळवी लागली नाही. जे. आर. आर. टॉल्कीन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीचे ते तीन इंग्रजी खंड होते. एका पालकांची लेखी तक्रार आली आणि ते फडताळातून निघून कचेरीच्या कपाटात कुलूपबंद झाले. तक्रार थोडक्यात अशी : या पुस्तकात जादूगार आहेत, मंतरलेली अंगठी आहे, भुतासारखे काळे स्वार आहेत, ख्रिस्ती घरातील मुलांच्या हाती असले वाङ्मय देणे म्हणजे आपणच त्यांना आडवाटेला लावणे होय. या तक्रारीचा विचार करण्यासाठी जी बैठक भरली, तिला सात जण हजर होते. ग्रंथ वाचलेले दोघेच. त्या दोघांपैकी एक आम्ही.

दुसऱ्या वाचकाने ग्रंथाची बाजू घेतली, आणि आमचे खरे दुखणे तेथूनच सुरू होते. त्या सद्गृहस्थांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. त्यावर दोन रकाने होते. डावीकडे कादंबरीतील नावे, उजवीकडे आपल्या श्रद्धेतील. फ्रोडो म्हणजे क्रूस वाहणारा ख्रिस्त, गॅन्डाल्फ म्हणजे पुनरुत्थित ख्रिस्त, अॅरागॉर्न म्हणजे ख्रिस्तराजा, गॅलाड्रिएल म्हणजे पवित्र मारिया, एल्फांची लेम्बास नावाची भाकरी म्हणजे ख्रिस्तशरीर, मुद्रिका म्हणजे पाप आणि सॉरॉन म्हणजे सैतान. हिशेब चोख होता. बैठकीत समाधानाची कुजबुज झाली. पुस्तक आपलेच निघाले म्हणायचे!

हा तक्ता आम्ही लगेच ओळखला. काही वर्षांपूर्वी धर्मशिक्षणाच्या वर्गात, खडूने, फळ्यावर तो आम्हीच काढला होता.

तेव्हा आमचे भांडण दोन्ही पक्षांशी आहे हे आरंभीच सांगून टाकतो. पहिल्याशी थोडे, दुसऱ्याशी अधिक; कारण परक्याच्या चुकीपेक्षा आपली जुनी चूक दुसऱ्याच्या हातात पाहणे माणसाला फार छळते.

जादूगाराचा आक्षेप आधी घेऊ. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात जादूटोण्याचा निषेध आहे, हे तक्रारदारांचे म्हणणे खरे आहे. पण तो निषेध कशाचा आहे ते त्यांनी पुढे वाचायला हवे होते. गूढ शक्तींना आपल्या दावणीला बांधून त्यांच्या जोरावर दुसऱ्या माणसांवर सत्ता गाजवण्याची जी इच्छा, तिचा तो निषेध आहे. आता कादंबरी उघडून पाहा. दुसऱ्यांच्या इच्छाशक्तीवर सत्ता गाजवण्यासाठीच ती मुद्रिका घडवलेली आहे, आणि साऱ्या कथेचा खटाटोप तिचा वापर करण्यासाठी नसून ती नष्ट करण्यासाठी आहे. गॅन्डाल्फला ती देऊ केली जाते तेव्हा तो घाबरून नाकारतो. आपण ती दयेपोटी, चांगले करण्याच्या इच्छेनेच वापरू आणि तीच वाट आपल्याला सॉरॉन करील, हे तो जाणतो. ग्रंथाच्या परिशिष्टात स्पष्ट सांगितले आहे की, त्याला व त्याच्या सोबत्यांना ज्यांनी पाठवले, त्यांनी शक्तीला शक्तीने भिडण्याची आणि लोकांना धाक दाखवून ताब्यात ठेवण्याची मनाई केली होती. सारुमानने ती मनाई मोडली आणि त्याचे काय झाले ते सर्वांसमोर आहे. जादूविरुद्ध इतकी कडक शिकवण आमच्या धर्मशिक्षणाच्या वह्यांत तरी आम्हाला आढळलेली नाही. हा आक्षेप पुस्तक न वाचता घेतलेला आहे, यापलीकडे त्याविषयी बोलण्यासारखे काही नाही.

आता तक्ता.

ज्या दिवशी आम्ही तो फळ्यावर काढला, त्या दिवशी शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. बारा-तेरा वर्षांचा असेल. त्याने विचारले, "फ्रोडो जर ख्रिस्त असेल, तर तो शेवटी हरतो कसा?" आम्ही काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही, म्हणजे ते सांगण्याच्या लायकीचे नसणार. घंटा वाजली आणि आम्ही सुटलो. पण तो प्रश्न आम्हाला सोडीना.

ज्यांनी ग्रंथ वाचलेला नाही, त्यांच्यासाठी प्रसंग सांगतो. फ्रोडो हा शायर नावाच्या शेतीवाडीच्या मुलखातला एक साधा हॉबिट. सॉरॉनची मुद्रिका जेथे घडली त्या अग्निपर्वतातच ती टाकून नष्ट करायची, असे काम तो आपण होऊन पत्करतो. शेकडो मैलांची पायपीट, उपासमार, जखमा, विश्वासघात हे सगळे सोसून तो त्या कड्यापर्यंत पोहोचतो. आणि कड्यावर उभा राहून म्हणतो की, मी हे करणार नाही. मुद्रिका माझी आहे. ती तो बोटात घालतो. नायक हरतो. त्याच क्षणी गॉलम नावाचा जीव, ज्याने पाचशे वर्षे त्या मुद्रिकेपायी आपले माणूसपण गमावलेले असते, त्याच्यावर झडप घालतो, त्याचे बोट चावून तोडतो, मुद्रिका हातात येताच आनंदाने नाचू लागतो, आणि नाचता नाचता तोल जाऊन खाली आगीत पडतो. मुद्रिका नष्ट होते. फ्रोडोने ती नष्ट केलेली नाही.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण आजच्या मुलांना ही कथा पुस्तकातून कमी आणि २००१ ते २००३ या काळात आलेल्या तीन चित्रपटांतून अधिक ठाऊक आहे. चित्रपटात बोट तुटल्यावर फ्रोडो पुन्हा उठतो, गॉलमवर झेपावतो, आणि त्या झटापटीत दोघे कड्यावरून घसरतात. म्हणजे नायकाला शेवटी थोडेसे श्रेय मिळवून दिलेले आहे. प्रेक्षकांना नायक इतका रिकाम्या हाताने परतलेला चालणार नाही, असे दिग्दर्शकाला वाटले असावे. आमच्या फळ्यावरच्या तक्त्यालाही नेमके तेच वाटत होते.

टॉल्कीन यांच्या हयातीतही हे अनेकांना चालले नाही. फ्रोडोचा सन्मान कसला करता, त्याला देशद्रोही म्हणून देहदंड द्यायला हवा होता, असे एका वाचकाने त्यांना रागाने कळवले होते. त्यावर टॉल्कीन यांनी पत्रांतून जे विवेचन केले, ते आमच्या मते या ग्रंथावर लिहिलेल्या सर्व टीकेपेक्षा मोलाचे आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : त्या ठिकाणी, त्या दाबाखाली, कोणीही मर्त्य जीव टिकला नसता. फ्रोडोने आपल्याकडचे सर्व काही खर्चले होते आणि पुढचे काम त्याच्या हातात उरलेले नव्हते. पण त्याने वाटेत गॉलमवर दया केली होती, आणि त्या दयेमुळेच त्याच्यावर दया झाली. प्रभूच्या प्रार्थनेतील अखेरच्या याचनांची आठवण टॉल्कीन यांनी या संदर्भात करून दिली आहे. आपण ती प्रार्थना रोज म्हणतो. मोहात पडू नये म्हणून आपण मागणे मागतो, याचा अर्थच असा की असे काही मोह आहेत ज्यांच्यापुढे आपण टिकणार नाही, आणि वाईटापासून सोडवणारा कोणी दुसरा लागतो. ही गोष्ट रोज ओठांवर असूनही आम्ही तिच्याकडे पाठ फिरवून फळ्यावर फ्रोडोपुढे बरोबरीचे चिन्ह काढले होते.

फ्रोडोला ख्रिस्त केले की हे सारे नाहीसे होते. ख्रिस्त हरणार नाही, म्हणून फ्रोडोही हरता कामा नये. मग तो प्रसंग घाईघाईने उरकावा लागतो किंवा चित्रपटासारखा दुरुस्त करावा लागतो. फ्रोडो ख्रिस्त नाही, तो आपल्यापैकी एक आहे, असे म्हटले तर मात्र शेवटच्या बाकावरच्या मुलाला उत्तर मिळते.

आणि त्या तक्त्यातील इतर ओळी तरी कोठे टिकतात? गॅलाड्रिएलचे वर्णन वाचून मारियेची आठवण अनेक कॅथलिक वाचकांना झाली. टॉल्कीन यांचे मित्र, जेझुइट रॉबर्ट मरी, यांनाही झाली. सौंदर्याची आपली सारी जाण मारियेच्या भक्तीवर उभी आहे, हे टॉल्कीन यांनी १९५३ साली त्यांना उत्तरात मान्यही केले. परंतु पुढे १९७१ साली दुसऱ्या एका पत्रात त्यांनी सांगितले की, गॅलाड्रिएल ही प्रायश्चित्त करणारी आहे. तरुणपणी ती बंडातील एक पुढारी होती. जी निष्कलंक आहे तिला आणि जिला हद्दपारी भोगून, मुद्रिका नाकारून परतीची वाट मिळवावी लागली तिला, आपण एकाच ओळीत बसवणार? लेम्बासचेही तसेच. मरणासन्नाला दिल्या जाणाऱ्या ख्रिस्तशरीराची त्यात कोणाला आठवण झाली तर टॉल्कीन यांची ना नव्हती. मोठ्या गोष्टींची छाया लहान गोष्टींवर पडते, इतकेच ते म्हणत. छाया पडणे वेगळे आणि एकीचे दुसरीला सोंग देणे वेगळे.

सोंगाला साहित्यशास्त्रात रूपककथा म्हणतात. कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टॉल्कीन यांनी स्वच्छ सांगून टाकले की, आपल्याला रूपककथा आवडत नाही. ग्रंथाचा काही भाग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहिला गेल्यामुळे लोक मुद्रिका म्हणजे अणुबॉम्ब असे समीकरण मांडू लागले होते; त्यालाही त्यांनी तेथेच नकार दिला. त्यांनी भेद असा केला : कथा वाचकाच्या अनुभवाला लागू पडणे ही एक गोष्ट, तीत वाचकाचे स्वातंत्र्य असते, आणि लेखकाने अर्थ आधीच ठरवून वाचकाला त्यात कोंडणे ही दुसरी. आमच्या समितीतील सद्गृहस्थांचा आणि तक्रारदार पालकांचा मार्ग वेगळा असला तरी मुक्काम एकच आहे. एकाने पुस्तक कपाटात कोंडले, दुसऱ्याने वाचकाला.

पण हा ग्रंथ कॅथलिक आहे की नाही? आहे, आणि तसे टॉल्कीन यांनीच मरी यांना लिहिले आहे : मुळातच धार्मिक आणि कॅथलिक, लिहिताना नकळत, सुधारताना जाणीवपूर्वक. आणि त्याच पत्रात पुढे ते सांगतात की, म्हणूनच आपण त्या काल्पनिक जगातून धर्मासारखे दिसणारे जवळपास सर्व काही काढून टाकले. हे वाचून आम्ही प्रथम चक्रावलो. कॅथलिक आहे म्हणून धर्माची चिन्हे काढून टाकली? पण विचार केला तर यात आश्चर्य काय? मीठ कालवणात विरघळते तेव्हाच ते कालवणात असते. वर खडा दिसला तर सुगरणीला नावे ठेवतात.

हे लिहिणारा माणूस कोणत्या घरातून आला होता तेही आपल्या कुटुंबांना ठाऊक असावे. टॉल्कीन चार वर्षांचे असताना, १८९६ साली, वडील वारले. आई मेबल यांनी १९०० साली कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला, आणि नातेवाइकांनी त्यांची पैशाची मदत तोडली. दोन लहान मुलगे, तुटपुंजे उत्पन्न, बर्मिंगहॅमसारखे धुराचे शहर. १९०४ साली मधुमेहाने त्यांचा अंत झाला. तेव्हा त्या चौतीस वर्षांच्या होत्या आणि इन्सुलिनचा शोध लागायला अजून सतरा वर्षे होती. मुलांचा सांभाळ बर्मिंगहॅम ऑरेटरीचे फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी केला. आपली आई श्रद्धेसाठी हुतात्मा झाली, असे टॉल्कीन जन्मभर मानत राहिले. मग १९१६ साली सॉमची लढाई. महायुद्ध संपले तेव्हा त्यांच्या जिवलग मित्रांपैकी एकच उरला होता. अशा माणसाला चांगले-वाईट यांचा झगडा पोरखेळ वाटणे शक्य नव्हते.

आणि तरीही तसाच आरोप त्यांच्यावर झाला. १९५४-५५ साली खंड प्रसिद्ध होऊ लागताच कवी एडविन मुइर यांनी तक्रार केली की, येथले चांगले लोक सदा चांगले आणि वाईट लोक कायम वाईट आहेत. अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन यांनी १९५६ साली हे सारे बालिश ठरवून टाकले. कवी ऑडन यांच्यासारखे जाणते बाजूने उभे राहिले, पण 'काळे-पांढरे' हा शिक्का आजतागायत पुसलेला नाही. आपल्याकडचे सुशिक्षितही तो न तपासता वापरतात.

तपासून पाहू. हे काम ग्रंथाची वाङ्मयीन घडण पाहिल्याशिवाय होत नाही, म्हणून वाचकांनी थोडा धीर धरावा.

टॉल्कीन यांनी पात्रे जोड्यांनी उभी केली आहेत. गॅन्डाल्फ आणि सारुमान एकाच गटातले, एकाच कामासाठी पाठवलेले. बोरोमिर आणि फारामिर सख्खे भाऊ. फ्रोडो आणि गॉलम दोघेही हॉबिटांच्याच जातकुळीचे, दोघेही मुद्रिकाधारी. जोडीतील एक चढतो, दुसरा पडतो, आणि दोघांच्या मूळ प्रकृतीत फारसा फरक नसतो. बोरोमिरला मुद्रिका हवी असते ती आपले नगर वाचवण्यासाठी! त्याच्या तोंडी एकही दुष्ट वाक्य नाही. सगळी वाक्ये देशभक्तीची आणि काळजीची आहेत, आणि त्या वाक्यांच्या पायऱ्यांवरून उतरत तो फ्रोडोवर हात टाकतो. मोह सद्गुणाच्या दारातून आत येतो हे आपले संत सांगत आले. येथे ते संवादातून घडताना दिसते. मरताना बोरोमिर आपला अपराध कबूल करतो. यात काळे कोठे आणि पांढरे कोठे?

दुसरी युक्ती कथेच्या विणीची. एकाच वेळी अनेक ठिकाणी चाललेले प्रसंग लेखक एकमेकांत गुंफतो आणि मधेच धागा सोडून देतो. चौथ्या भागाच्या अखेरीस फ्रोडो शत्रूच्या हाती सापडतो, आणि तेथे लेखक आपल्याला सोडून निघून जातो. पुढे संपूर्ण पाचवा भाग, शेकडो पाने, फ्रोडोची खबर नाही. मग मॉर्डॉरच्या दारात शत्रूचा दूत येतो आणि गॅन्डाल्फसमोर फ्रोडोचे चिलखत टाकतो. सगळे संपले, असे तो सुचवतो. गॅन्डाल्फला सत्य ठाऊक नाही, आणि वाचकालाही नाही. शत्रूची वस्तू खरी आहे, तिच्यावरून काढायला लावलेला निष्कर्ष मात्र खोटा. आशा ही सद्गुणांत का मोजली जाते, हे प्रवचनातून आम्हाला कधी नीट कळले नव्हते; त्या पानावर कळले. याच्या उलट गोंडोरचा कारभारी डेनेथॉर. तो जादूच्या स्फटिकात पाहतो. स्फटिक खोटे दाखवत नाही. काळ्या शिडांची जहाजे नदीतून येताना त्याला दिसतात ती खरोखरच येत असतात. पण त्यांवर शत्रू नसून अॅरागॉर्न आहे, हे त्याला दिसत नाही. अर्धे सत्य पाहून तो निराशेने स्वतःला जाळून घेतो. रोज अर्ध्या बातम्या पाहून हाय खाणाऱ्या आपल्या पिढीला ही दोन प्रकरणे एकामागून एक वाचायला द्यावीत, असे आम्हाला फार वाटते.

दुष्टाची कल्पनाही तपासण्यासारखी आहे. आरंभी कोणीच दुष्ट नव्हते, सॉरॉनसुद्धा नव्हता, असे एल्रॉन्ड सभेत सांगतो. अंधार काही नवे निर्माण करू शकत नाही, असलेल्याची विटंबना तेवढी करू शकतो, असे फ्रोडो सॅमला समजावतो. संत ऑगस्टीन यांचा वाचक येथे लगेच मान डोलावील. अशा जगात सॉरॉनला चेहरा नाही, हे योग्यच झाले. तो पूर्ण कादंबरीत समोर येऊन एकदाही बोलत नाही.

विल्सन-मुइर यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. ऑर्क. हजारोंनी मारले जाणारे, ज्यांच्यावर कोणी दया करत नाही असे हे जीव कोण? जर दुष्टाला निर्माण करता येत नाही, तर त्यांनाही कोणी तरी चांगले निर्माण केले असणार, आणि मग त्यांच्या तारणाचे काय? टॉल्कीन यांना हा प्रश्न आयुष्याच्या अखेरीपर्यंत टोचत राहिला. त्यांनी उत्तरे बदलली, पण समाधान झाले नाही. कादंबरीत हा सांधा उघडा राहिला आहे. आम्ही तो झाकणार नाही. त्याच्या शेजारी फक्त एक प्रसंग ठेवतो : शत्रूच्या बाजूने लढायला आलेला एक दक्षिणेकडचा सैनिक सॅमच्या पायाशी मरून पडतो, आणि सॅमला प्रश्न पडतो की, याचे नाव काय असेल, हा कोठून आला, हा खरोखरच मनाने दुष्ट होता की कोणाच्या धाकाने घर सोडून आला? सॉमच्या खंदकांत उभा राहिलेला माणूसच हे लिहू शकतो.

आणि आता गॉलम, ज्याच्यासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला.

'द हॉबिट' या १९३७ सालच्या आधीच्या पुस्तकात बिल्बोला मुद्रिका सापडते. त्याच्या पहिल्या आवृत्तीत गॉलम बराच सभ्य होता. कोड्यांची पैज हरल्यावर बिचारा माफी मागून बिल्बोला वाट दाखवतो. मोठी कादंबरी लिहिताना हे जुळेना, म्हणून टॉल्कीन यांनी ते प्रकरण पुन्हा लिहिले आणि १९५१ साली ते नव्या आवृत्तीत आले. नव्या रूपात गॉलम खुनशी आहे, बिल्बो अदृश्य आहे, त्याच्या हातात तलवार आहे आणि वाटेत गॉलम आडवा बसलेला आहे. एक वार पुरे. बिल्बोला त्या एकाकी, अंधारात कुजलेल्या आयुष्याची कीव येते आणि तो वार न करता त्याच्या डोक्यावरून उडी मारून निघून जातो. म्हणजे ज्या दयेवर सारी कथा उभी आहे, ती दया लेखकाने मागे जाऊन, छापलेले पान बदलून घातली! ही दया पुढे फ्रोडो करतो, आणि अखेरीस पर्वताच्या उतारावर, मुद्रिकेचा भार थोडा वेळ वाहिलेला सॅमही करतो. तिघांपैकी एकाने जरी न्याय केला असता, तरी कड्यावर गॉलम नसता आणि सॉरॉन जिंकला असता.

पण याहून जीवघेणा प्रसंग त्याआधीचा आहे. मॉर्डॉरच्या जिन्यावर फ्रोडो आणि सॅम थकून झोपले आहेत. गॉलम परततो. त्यांना पाहून त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी बदलते. तो हळूच हात पुढे करून फ्रोडोच्या गुडघ्याला स्पर्श करतो. त्या क्षणी तो राक्षस नसतो, आपली माणसे आणि आपला काळ मागे टाकून फार जगलेला एक थकलेला म्हातारा असतो. तेवढ्यात सॅम जागा होतो आणि त्याला चोरटा म्हणून झिडकारतो. गॉलमच्या डोळ्यांत पुन्हा हिरवी चमक येते. क्षण गेला तो गेला. साऱ्या कथेतला कदाचित हाच आपल्या दृष्टीने सर्वात शोकात्म क्षण, असे टॉल्कीन यांनी १९६३ साली एका पत्रात लिहिले. लक्षात घ्या, सॅम हा कादंबरीतील सर्वात निष्ठावंत, सर्वात प्रेमळ जीव. त्याच्याच तोंडून, त्याच्या निष्ठेपोटीच, एका पश्चात्तापाची वाट बंद होते.

तक्त्यात याला जागा कोणती? सॅमपुढे कोणते नाव लिहाल, आणि गॉलमपुढे? आमच्या समितीतील सद्गृहस्थांनी गॉलमपुढे 'यहुदा' लिहिले होते. आम्हीही फळ्यावर तेच लिहिले होते. एकदा यहुदा लिहिले की जिन्यावरचा हात दिसत नाही. चर्चच्या पायऱ्यांवर बऱ्याच वर्षांनी येऊन उभ्या राहिलेल्या माणसाला "आज इकडे कसे?" असे विचारणारे आपण सगळे सॅमच्या जातीचे चांगले लोक आहोत, हेही मग कळत नाही. आम्ही स्वतः हा प्रश्न एका नातेवाइकाला विचारला आहे. तो पुन्हा आला नाही.

चित्रपटांनी ग्रंथाच्या अखेरचे एक प्रकरण पूर्ण गाळले, त्याचा उल्लेख करून थांबतो. विजयी हॉबिट घरी परततात तर शायरमध्ये झाडे तोडलेली, नदी घाण झालेली, पंचायतीत नवे नियम आणि नव्या नियमांना हो म्हणणारे जुने शेजारी. मोठा सैतान मेला, तरी सारुमान आपल्या वाडीत येऊन बसलेला. हे प्रकरण आम्ही प्रथम वाचले तेव्हा आमच्या शेजारच्या वाडीतील विहीर बुजवण्याचे काम चालू होते, आणि जमीन विकणारे कोणी परके नव्हते. टॉल्कीन यांना आमच्या विहिरीची कल्पना असण्याचे कारण नाही. ते १९७३ साली वारले. तरी प्रकरण लागू पडले. तेथेही फ्रोडो सांगतो की, एकाही हॉबिटाला मारू नका, शत्रूला मिळालेल्यालासुद्धा नाही. आणि स्वतः सारुमानने सुरी उपसल्यावरही तो त्याला जाऊ देतो.

आमच्या बैठकीचे काय झाले ते सांगायचे राहिले. मतांती ठरले की ग्रंथ परत फडताळात ठेवावा. मात्र पहिल्या खंडाच्या आतल्या पानावर तो तक्ता टंकलिखित करून चिकटवावा, म्हणजे मुलांचा गोंधळ होणार नाही. तक्ता तपासून देण्याचे काम आमच्याकडे सोपवण्यात आले. आम्ही नकार दिला. तेव्हापासून तीन खंड कपाटातच आहेत. शेवटच्या बाकावरचा तो मुलगा आता कॉलेजात आहे. परवा मिस्सेनंतर भेटला तेव्हा आम्ही त्याला त्याचा प्रश्न आठवतो का विचारले. त्याला आठवत नव्हता. आम्ही आमच्या घरचा तिसरा खंड त्याच्या हाती दिला आणि कड्यावरचे प्रकरण कोठे आहे ते दाखवून ठेवले.